नवतप्यातला मोगरा आणि बोडीचा गाळ



नवतपा लागला की आमच्याकडे दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. पहाटे साडेचारला मात्र मी आणि माय मोगऱ्याच्या वाफ्यात असतो. कळी फुगलेली पण बंद असतानाच तोडावी लागते. ऊन वर आलं की कळी मऊ पडते आणि संध्याकाळी हारवाल्याकडे पोचेपर्यंत पिवळी. सात वाजता आम्ही घरी, नऊला मातीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, बाराला पारा ४४-४५. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचे आकडे देशात पहिले आले अशी बातमी दर उन्हाळ्यात एक-दोनदा येतेच. आपल्याला त्याचं कौतुकही राहिलं नाही.

दहा गुंठे मोगरा, बांधावर कण्हेर आणि चाफा, विहिरीपाशी गुलबक्षी, दोन ओळी सदाफुली. सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या धानाच्या गावात एवढं फुलांचं वावरही लोकांना नवल वाटतं. म्हणून फोन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, एवढ्या उन्हात हिरवा कसा? काय फवारता?"

त्याचं उत्तर बाटलीत नाही, म्हणून आज जरा लांब लिहितो. ज्यांना फक्त छाटणी आणि पाण्याचं वेळापत्रक पाहिजे त्यांनी शेवटाकडे जावं. पण मधलं वाचलं तर बरं होईल, कारण मला ते कळायला चार वर्षं लागली आणि अर्धा मोगरा गेला.

२०१९ च्या मे महिन्यात आमची विहीर पहिल्यांदा कोरडी पडली. विहीर जुनी, आबाजीच्या बापानं खोदलेली, तीस-बत्तीस फूट. माझ्या आठवणीत तिच्यात उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी असायचं. त्या वर्षी तळ दिसला आणि तळातल्या गाळात बेडूक दिसले. मोगरा पंधरा दिवस तगला, मग खालची पानं कागदासारखी वाजायला लागली. मी घाबरून सगळं करून पाहिलं. बोअर मारला, २८० फूट. पहिल्या वर्षी बरं पाणी, दुसऱ्या वर्षी मे महिन्यात नुसती हवा. एका दुकानातून उष्णतेवरची म्हणून बाटली आणली, १,४०० रुपये. फरक पडला असं म्हणायला मी तयार नाही. हिरवी जाळी टाकली तर झाडं जगली पण कळी कमी झाली, कारण मोगऱ्याला ऊन लागतंच. मोगरा उन्हानं मरत नाही, हे मला त्यानंतर कळलं.

सांगितलं गावातल्या एका म्हाताऱ्या कोहळी आजोबांनी. पाळीवर बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "बाबू, तुही विहीर नाही आटली. बोडी आटली. विहिरीले पाणी कोण देत होतं, मालूम हाये का तुले?"

मालूम नव्हतं. विहिरीला पाणी जमिनीतून येतं, एवढंच मालूम. ती बोडी आमच्या वावराच्या वरच्या अंगाला, दीड-दोनशे पावलांवर. मी लहान असताना तिच्यात म्हशी पोहायच्या, उन्हाळ्यातसुद्धा. आता जानेवारीतच तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात आणि काठानं बेशरमाचं रान माजलेलं. विहीर आणि बोडी यांचा एकमेकींशी संबंध असेल हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

तिथून मी जुने कागद पाहायला लागलो. तालुक्याच्या अभिलेख कक्षातून गावचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढल्या. आपल्या विदर्भातल्या जुन्या मालगुजारी गावांत हे दोन्ही कागद असतात. जळतणाला जंगल कुठलं, ढोरांचा रस्ता कुठून, तलावाचं पाणी आधी कोणाला, हे असले गावचे रिवाज त्यात लिहून ठेवलेले. मग नागपूरला गेलो तेव्हा इंग्रजी अमलातले चांदा जिल्ह्याचे अहवाल चाळले: मेजर ल्युसी स्मिथचा १८६९ चा जमाबंदी अहवाल आणि १९०९ चं गॅझेटियर. इंग्रजी जड आहे, पण तलाव आला की हे साहेब लोक पानंच्या पानं लिहितात. त्यांना सारा गोळा करायचा होता, आणि आपल्या झाडीपट्टीत सारा तलावातून निघत होता.

आता मुळापासून.

चांद्याच्या गोंड राजांबद्दल परंपरा अशी सांगते की हीरशहा राजानं जाहीर केलं: जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. तलावासाठी मिळालेल्या अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आज सगळ्यांना माहीत आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या महसुली यादीत गावाच्या नावामागे तुकूम लागलेली कितीतरी गावं सापडतात. आपण रोज ते नाव घेतो, अर्थ विसरलो. बक्षीस किती हुशारीनं ठेवलं होतं पाहा. तलाव किती मोठा बांधला याला किंमत नाही, पाणी किती जमिनीवर पोचलं याला किंमत. आजच्या कामांचं मोजमाप असं झालं तर बरेच ठेकेदार घरी बसतील.

ही कामं केली मुख्यतः कोहळ्यांनी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे मोठे खंड छापले, त्यात कोहळ्यांची ओळखच तलाव बांधणारे आणि ऊस लावणारे अशी दिली आहे. गोंदियाकडचा नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं आजही सांगितला जातो. आपल्याकडे गडबोरी आणि ब्रह्मपुरीचे परगणे तलावांसाठी आणि उसासाठी नावाजलेले होते.

या उसापाशी मी अडकलो. धान दिवाळीपर्यंत निघून जातं, त्याला मे महिन्याचं पाणी लागत नाही. ऊस वर्षभर उभा असतो. म्हणजे जिथं ऊस होता तिथं नवतप्यातही पाणी होतं. मोट दोन बैलांची, डिझेल नाही, वीज नाही, बोअर नाही. तरी पाणी होतं. आणि जिथं उन्हाळ्यात ऊस उभा राहू शकतो तिथं मोगऱ्याला काय धाड भरली?

आमच्या गावच्या जुन्या नकाशात हे चक्क दिसतं. वर तलाव. मग पाळ. पाळीच्या लगत खालच्या अंगाला लहान लहान तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात एक गोल खूण, म्हणजे विहीर. या तुकड्यांना आपण वाडी म्हणतो. त्याच्या खाली धानाच्या बांध्या. तलावाचं तुडुम उघडून जे पाणी जायचं ते बांध्यांना. पण पाळीखालून आणि तळातून जे झिरपायचं ते वाडीच्या विहिरींत उतरायचं. तलावातलं पाणी फेब्रुवारीत खाली गेलं तरी विहिरीतलं राहायचं, कारण मुरमातून पाणी सावकाश चालतं. पावसाळ्याचं पाणी पाळीखाली पोचायलाच उन्हाळा लागायचा. मे महिन्यातलं फूल मागच्या श्रावणातल्या पावसावर फुलत होतं.

आता तुम्ही म्हणाल, कागदात फुलं कुठं आहेत? सारा धानावर आणि उसावर, म्हणून कागद धानाचे आणि उसाचे. पण माणसं होती. त्याच रसेल-हिरालालांच्या खंडात माळ्यांमध्ये फुलमाळी वेगळे सांगितले आहेत, जिरे माळी वेगळे, हळदे वेगळे. पुण्याकडं तर फुलांच्या धंद्यावरून अख्ख्या घराण्याचं आडनाव बदललं: जोतिराव फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे, पेशव्यांकडे फुलं पुरवता पुरवता फुले झाले. आपल्याकडे एवढा मोठा दरबार उरला नव्हता. चांदा १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, आणि भोसल्यांच्या बागा नागपुरात: महाराजबाग, तुळशीबाग, तेलंखेडी. तेलंखेडीलाही तलाव आहेच, बघा. बाग म्हटली की आधी तलाव.

पण चांद्याला देवी होती. महाकालीची यात्रा चैत्रात भरते. झरपट नदीवर आंघोळ करून माणसं दर्शनाला येतात, मराठवाड्यातून, नांदेडकडून. चैत्र म्हणजे मार्च-एप्रिल, पारा चाळिशी पार. त्या दिवसांत देवीला हार लागतो, मग लगीनसराई येते, नवरीच्या डोक्याला गजरा लागतो. गरज भर उन्हाळ्यातली आणि फूल सकाळी तोडून संध्याकाळी विकायचं. रेल्वे आणि बर्फ यांच्या आधी ते दुरून येऊच शकत नव्हतं. जवळच कुठेतरी पाळीखालच्या वाडीत ते फुलत असणार. आज आमचा हारवाला नागपूरहून आणि हैदराबादकडून माल आणतो, थर्माकोलच्या पेटीत, बर्फ घालून. एप्रिलमध्ये त्याचे भाव ऐकले की आपण कास्तकार असल्याचं वाईट वाटतं.

वाडीत काय होतं, हे मला माझ्या आजीच्या वाडीवरून सांगता येतं. १९८५ च्या आसपासची गोष्ट. मोगरा, कुंदा, तगर, कण्हेर, गुलबक्षी, चाफा, सदाफुली, आणि पावसाळ्यात झेंडू. आम्ही या सगळ्याला गावठी म्हणतो. खरं पाहिलं तर मोगरा आणि कण्हेर जुने इथले. गुलबक्षी, पांढरा चाफा, झेंडू ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेली, सदाफुली मादागास्करची, आणि आमच्या शाळेपुढचा गुलमोहरही मादागास्करचाच. समुद्र ओलांडून हजारो फुलझाडं आली, बागांत राहिली, मेली. आमच्या आजीच्या वाडीपर्यंत पोचली ती ऊन सोसणारीच. चाफा उन्हाळ्यात पानं टाकतो आणि नुसत्या काठीवर फुलतो. गुलबक्षी दुपारभर तोंड मिटून बसते, चार-पाचला उघडते. सदाफुलीला कोणी पाणी घातल्याचं मला आठवत नाही. आजीनं झाडं निवडली असं वाटायचं, पण खरं तर उन्हानं निवडली होती.

आणि जंगलाकडं पाहा ना. गडचिरोलीकडं जाताना एप्रिल-मे महिन्यात बहावा पिवळाजर्द, कुडा पांढरा. त्याआधी पळस, सावर, मोहा. कोण पाणी घालतं? मुळं खोल, त्यातली बरीच झाडं फुलायच्या वेळी पानं टाकून मोकळी, त्यामुळे पाण्याचा खर्च कमी. जंगलाचं पाणीही मागच्या पावसाळ्याचंच. फक्त त्याची बोडी जमिनीच्या आत आहे.

आता मोडलं कुठं ते सांगतो.

आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. मालगुजारी रद्द करायचा कायदा १९५० चा, आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजाऱ्या सरकारजमा झाल्या. तलावही सरकारचे झाले. पुढे जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून ते ६ हजारांहून जास्त आहेत. नाव मामा, पण भाचे कोणी उरले नाहीत.

मालगुजारी गेली म्हणून मी रडत नाही. तलावाची डागडुजी बेगारीवर व्हायची, म्हणजे गरिबाच्या फुकटच्या मजुरीवर. आधी पाणी मालगुजाराच्या वाडीला, मग उरलं तर तुम्हाला. आमच्या आबाजीच्या बापानं त्या पाळीवर माती वाहिली आहे, आणि ती हौसेनं वाहिलेली नाही. त्या काळच्या मोगऱ्याचा गजरा कोणाच्या घरात जात होता हे वेगळं सांगायला नको. जुनं सगळं सोनं होतं असं लिहिणाऱ्यांनी एकदा जुने कागद वाचावेत.

पण एक गोष्ट त्या मोडतोडीत नकळत गेली, आणि माझ्या मते मोगऱ्याच्या दृष्टीनं तीच सगळ्यात महत्त्वाची. ती म्हणजे गाळ.

तलावाचा गाळ उन्हाळ्यात गाडीनं वाडीत जायचा. ऊस आणि भाजीपाल्याला तेच खत. आजोबा सांगतात, अक्षय्यतृतीया झाली की बोडीत बैलगाड्यांची रांग लागायची. कोणी हुकूम करत नव्हतं. वाडीला खत पाहिजे म्हणून बोडी खोल राहत होती, आणि बोडी खोल म्हणून वाडीला उन्हाळ्यात पाणी होतं. मग साठ-सत्तरच्या दशकात युरियाची पोती आली. गाडीभर गाळ उपसण्यापेक्षा एक पोतं सोपं. गाळाची गरज संपली, गाड्या थांबल्या. तीस-चाळीस वर्षांत बोडी ताटलीसारखी झाली. ऊसही गेला. कोणी तलाव फोडला नाही, कोणी चोरला नाही. नुसतं खत बदललं.

ताटलीसारखी झाली तर बिघडलं काय? पाणी तेवढंच मावतं ना, पसरून? नाही. इथं हिशोब करा. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं, नवतप्यात त्याहून जास्त. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत धरलं तर एक मीटर पाणी नुसतं आभाळात जातं. ज्या बोडीत फेब्रुवारीत दोन मीटर पाणी आहे तिच्यात अर्धं उरेल. जिच्यात ऐंशी सेंटिमीटरच आहे तिच्यात एप्रिलमध्ये पोरं क्रिकेट खेळतील. वरून बारीक चिकण गाळ तळाला लिंपल्यासारखा बसतो, त्यामुळे जे पाणी आहे तेही विहिरीकडे झिरपत नाही. पाऊस आपल्याकडे कमी नाही, बाराशे-चौदाशे मिलिमीटर पडतो. तो ठेवायला भांडं राहिलं नाही.

दुसरा हिशोब. माझा दहा गुंठे मोगरा ठिबक आणि तणसाच्या आच्छादनावर उन्हाळ्यात दिवसाला ३ ते ४ हजार लिटर पितो. शंभर दिवसांचे तीन ते चार लाख लिटर. एक एकराच्या बोडीत एक मीटर खोली वाढली तर ४० लाख लिटर पाणी जास्त मावतं. सगळं विहिरीत उतरणार नाही हे मला कळतं. त्याचा दहावा हिस्सा उतरला तरी माझा मोगरा भागतो. हा हिशोब मी ग्रामसभेत खडूनं मांडला. लोकांनी ऐकून घेतला. एक जण म्हणाला, "म्हंजे तुह्या फुलासाठी गावानं बोडी खोदावं?" प्रश्न बरोबरच होता. मी गप्प बसलो. मग त्याच आजोबांनी धानाचा हिशोब सांगितला: ऑक्टोबरमध्ये पाऊस दडी मारतो तेव्हा लोंबीला शेवटचं एक पाणी लागतं, ते तुडुमातून येतं. फुलाचं कोणी ऐकलं नाही, लोंबीचं ऐकलं. मला काय, गाळ निघाल्याशी मतलब.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे. तिच्यातून म्हणा, वर्गणीतून म्हणा, दोन उन्हाळ्यांत आमच्या बोडीतला बराच गाळ निघाला. त्यात एक घोडचूक झाली ती मुद्दाम सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिल्या वर्षी मशीनवाल्यानं जवळ पडतं म्हणून पाळीच्या पायथ्यालाच खोदलं आणि गाळ संपून खालचा मुरूम उघडा पडला तरी बकेट थांबवली नाही. आम्ही कोणी हजर नव्हतो, दोष आमचाही. त्या पावसाळ्यात बोडी भरली, आणि पाळीखालून अशी गळायला लागली की माझ्या शेजाऱ्याच्या बांधीत दिवाळीलाही धान कापता येईना. जानेवारीत बोडी रिकामी. दुसऱ्या वर्षी तो खड्डा काळ्या मातीनं भरून, पाणी मारून, ट्रॅक्टरनं दाबून घेतला. पाळीपासून चांगलं वीस-पंचवीस पावलं सोडायचं, आणि गाळाचा पातळ थर तळाला ठेवायचा. आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं, कारण फावड्यानं उपसणारा माणूस मुरूम लागला की आपोआप थांबतो. मशीनला मुरूम कळत नाही.

बेशरम उपटायला बायांचे बचत गट उतरले. मुळासकट काढावं लागतं, कापलं तर दुप्पट येतं. भंडारा-गोंदियाकडं ढिवर समाजाच्या बायांनी बेशरम काढून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या आणि त्यांचे मासे परत आले, हे ऐकून आमच्याकडच्यांना धीर आला. आमच्या बोडीत या वर्षी कमळाचे दोन-तीन वेल दिसताहेत. ते कोणी लावले नाहीत. बी गाळाखाली किती वर्षं पडून होतं देव जाणे.

विहिरीचं सांगतो. गाळ काढल्यावर पहिल्या उन्हाळ्यात काहीच फरक नाही, उलट गळतीमुळे लवकर आटली. दुसऱ्या उन्हाळ्यात १० मे पर्यंत पाणी. गेल्या उन्हाळ्यात नवतपा संपला तेव्हा तळात चार फूट. पुरुषभर नाही, पण चार फूट.

आता ज्यांना वेळापत्रक पाहिजे होतं त्यांच्यासाठी, आमच्या वावरात चालतं तेवढंच. डिसेंबरमध्ये मोगऱ्याचं पाणी तोडतो, जानेवारीत छाटणी, मग शेणखत आणि बोडीचा गाळ, झाडाला दोन-दोन टोपली. आमची जमीन मुरमाड, तिच्यात गाळानं ओल टिकते. काळ्या भारी जमिनीवाल्यांनी गाळ टाकायच्या आधी माती तपासून घ्यावी, तुमच्याकडे उलटंही होऊ शकतं. मार्चपासून बुडाशी धानाचं तणस, चांगलं चार बोटं जाड. उघडी माती दुपारी ५५-६० डिग्रीपर्यंत तापते आणि मोगऱ्याची दूध पिणारी मुळं वरच असतात, हे लक्षात ठेवा. तणसाखाली वाळवी लागते, लक्ष द्यावं लागतं. पाणी रात्री किंवा पहाटे. दुपारी पाइपातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं गरम असतं, ते मुळाशी सोडू नका. पश्चिमेच्या बांधावर शेवरी लावली आहे, झळ तिथं अडते. जाळी फक्त नवीन रोपांना, पहिला उन्हाळा. कोरड्या उन्हात लाल कोळी येतो, पानं खालून पाहत जा.

चाफा आणि कण्हेर यांना काही करत नाही. बांधावरच्या नवीन जास्वंदीला मात्र मडकं पुरलं आहे, बिनभाजल्यासारखं कच्चं, झाकण लावून, आठवड्यातून एकदा भरायचं. हे काही आपलं एकट्याचं डोकं नाही. चीनमध्ये फॅन शेंगझी नावाच्या माणसानं दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात मडकं पुरून भोवती वेल लावायची रीत लिहून ठेवली आहे. उन्हाळा सगळीकडचा सारखाच, माणसंही.

वरोऱ्याकडचे मित्र विचारतील, आमच्याकडे तलाव नाहीत, आम्ही काय करायचं? तुमच्याच शेजारी आनंदवन आहे. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली तेव्हा मिळाली ती खडकाळ माळाची जमीन, साप-विंचवांची. तिथं पहिलं मोठं काम विहीर खोदायचं होतं, आणि ती खोदली कुष्ठरोग झालेल्या माणसांच्या हातांनी. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे भाजी पिकली तर वरोऱ्याच्या बाजारात कोणी हात लावेना, रोग्यांनी पिकवलेली म्हणून. आज त्या माळावरची झाडं आणि बागा पाहायला लोक गाड्या करून जातात. मी शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा फुलं पाहून आलो. विहीर पाहायचं सुचलं नाही. पुढच्या वेळी जाईन तेव्हा आधी तीच पाहीन.

काल पहाटे सव्वाचार किलो कळी निघाली. मायनं ओंजळभर बाजूला काढली, मी म्हटलं हारवाल्याला कमी पडतील. ती म्हणाली, "त्याले पडू दे कमी," आणि पाळीवर जाऊन आजोबांच्या घरी देऊन आली. आजोबांना आता डोळ्यांनी दिसत नाही. आम्हाला मे महिन्यातल्या बोडीत किती पाणी आहे ते ते रोज विचारतात. सध्या कमरेएवढं आहे, पाळीजवळ थोडं जास्त.

तुमच्या गावातल्या बोडीचं तुडुम अजून लाकडी किंवा दगडी असेल तर त्याचा फोटो मला पाठवा. आमचं सिमेंटमध्ये गाडलं गेलं, जुनं कसं होतं ते आजोबांना हातानं माती चाळून सांगावं लागतं.